गांधीजी बसलेली गाडी

काल भर दुपारी मला भंगारवाला ठरवण्यात आलं. वर्धेकडचं एक गाव, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं आवार, कडुनिंबाखाली पांढरी ॲम्बेसेडर. समोरची जाळी नीट पाहावी म्हणून मी उकिडवा बसलो, तोच मागून प्रश्न आला, "किलोनं नेता का नगावर?"

मी म्हटलं, "न्यायची नाही जी. साल ओळखून राहिलो." हे वाक्य उकिडवं बसून कधी म्हणू नये.

धोतर-टोपीतले काका पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. हात न थांबवता म्हणाले, "त्याले वळखाचं काय? सत्तेचाळीसची हाय. गांधीजी बसले हायत हिच्यात. सेवाग्रामले जाताना."

आमच्या जिल्ह्यात हा मोठाच घोळ आहे. गांधीजी सेवाग्रामात राहिले हे खरं, पण इथली प्रत्येक जुनी गाडी त्यांना तिथं सोडून आलेली असते. मी सांगितलं, ॲम्बेसेडर बाजारात आली 1957-58च्या सुमारास आणि गांधीजी गेले 1948 साली.

काकांनी खर्रा घोटणं थांबवलं. "मंग बसलं कोन?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी जाळीकडे वळलो. खरं तर ॲम्बेसेडरचं वय तिच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. बारीक चौकड्यांची जाळी असेल तर मार्क टू हे मॉडेल, म्हणजे साठीच्या दशकापासून 1975पर्यंतची. आडव्या पट्ट्या असतील तर मार्क थ्री, 1975 नंतरची. पुन्हा चौकड्या, पण जाळी आटोपशीर आणि पार्किंगचे दिवे चौकोनी, तर मार्क फोर, 1979 नंतरची. ही पट्ट्यांची होती. म्हणजे आणीबाणीच्या आगेमागे.

"जाळी बदलली असन," काका म्हणाले.

आणि इथंच माझी पंचाईत होते, कारण हे खरं असू शकतं! आपल्याकडे मेकॅनिकला जी मिळेल ती जाळी बसते. हौशी मालक तर मुद्दाम मार्क टूची बसवतात आणि गाडी पंधरा वर्षं म्हातारी करून जास्त पैशाला विकतात. बाईमाणसानं वय चोरलं तर लोक हसतात. इथं वाढवलेल्या वयाचे रोख पैसे मिळतात. म्हणून एकट्या जाळीवर विश्वास ठेवू नये. बॉनेट उघडून पत्र्यावर रिव्हेट मारलेली कंपनीची पाटी पाहावी. रिव्हेट नवेकोरे दिसले तर पाटीही संशयित. खिशात लोहचुंबक ठेवावं. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. नंबर पाहावा. 'एमएच'पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत 1989ची. त्याआधी तीन अक्षरं असायची. पण एमएच 32 दिसलं म्हणून गाडी नव्वदीतली ठरत नाही, जुन्या गाडीला नवा नंबर मिळू शकतो. आरसी बुकात नोंदणीची तारीख आणि बनवल्याचं साल वेगवेगळं असतं. बहुतेक भांडणं या दोन रकान्यांतलीच.

सत्तेचाळीस म्हणायचं तर तेव्हा आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, नोंदणी तिथली असायला हवी. हेही मी सांगितलं. काका म्हणाले, "आमाले कोनी इचारलं होतं का तवा?" हा मुद्दा वेगळा, पण पटला.

डुक्कर फियाटचं, म्हणजे जुन्या गोलमटोल फियाटचं, बरं असतं. सुरुवातीच्या गाड्यांचं पुढचं दार उलटं, मागच्या बाजूला बिजागरी. दार उघडलं की अर्धा वाद मिटला, आणि धोतरवाल्याला बसायलाही सोपं. प्रीमियर पद्मिनी ही गाडी 1974 पासूनची. त्याआधी तीच गाडी फियाट म्हणून यायची, म्हणून मागचं नाव वाचावं. अर्थात नावही उपटून दुसरं चिकटवता येतं.

तोवर चहाटपरीवरचे चौघे आले होते. काकांनी प्रकरण त्यांच्यापुढे मांडलं, "हे साहेब म्हनतात गांधीजी बसलेच नाई." मी असं म्हटलं नव्हतं! पण चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गांधीजींचाच अपमान केला. साल मतदानाला टाकण्यात आलं. सत्तेचाळीसला पाच, पंचाहत्तरला एक. एकानं तडजोड सुचवली, "गाडी नवी असन, सीट तेच असन." तीही मंजूर झाली. सीटवर रेक्झिन होतं, पंचेचाळीस अंशांच्या उन्हानं तडकलेलं, आतून काथ्या बाहेर आलेला.

सहा चहांचे पैसे मी दिले. का दिले, अजून कळलेलं नाही. 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, 2021चा नियम आहे, नव्या नोंदणीची फी वीस हजार. मालकाला तेवढं तरी कळवा, असं मी निघताना म्हणालो. साल पंचाहत्तर निघालं तर आताशी कुठं हिशेबात बसते.

काकांनी खर्रा गालात सारला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बरं, पत्रा नसन घ्याचा तं राहू द्या. बॅटरी तरी पाहून घ्या नं."