"गणित पक्कं नसेल तर कोडिंगच्या नादी लागू नका" या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा रिझल्ट लागला की एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो, थोडक्यात असा: कोडिंग शिकायचंय तर गणितात ९० च्या वर मार्क हवेत, सुरुवात सी या प्रोग्रामिंगच्या भाषेपासूनच करायची नाहीतर पाया कच्चा राहतो, इंग्लिश फाडफाड हवं, भारी लॅपटॉप हवा, आणि एवढं सगळं असलं तरी आता एआय आलंय त्यामुळे वेळ घालवू नका. हे वाचून कॉमर्सची पोरं, दुकानाचे हिशोब बघणारी माणसं, घर सांभाळून काहीतरी नवीन शिकू बघणाऱ्या बायका सुरू करायच्या आधीच माघार घेतात आणि याचा मला खरंच राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गणित, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच घाबरतात. रिक्षाचं मीटर घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ असा दर झाला. याचा प्रोग्राम लिहायचा तर अंतर दीडपर्यंत असेल तर २६, जास्त असेल तर दीड वजा करा, उरलेल्याला १७.१४ ने गुणा, त्यात २६ मिळवा. ४ किलोमीटरला ६८.८५ येतात. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ असेल तर वर २५ टक्के. झालं, एवढंच गणित. डोकं लागतं ते दुसरीकडे, की बरोबर दीड किलोमीटर असेल तर कुठला नियम लावायचा, कोणी अंतराच्या जागी शून्य टाकलं किंवा "अंधेरी" असं टाईप केलं तर काय करायचं. हा विचार मार्कशीटवर दिसत नाही, सवयीने येतो. मशीन लर्निंग (कॉम्प्युटरला उदाहरणांवरून शिकवणं) किंवा थ्रीडी गेममध्ये शिरलात तर गणित लागेल हे मान्यच आहे, पण ती पुढची गोष्ट झाली आणि तोपर्यंत ते कशासाठी शिकायचं हेही तुम्हाला कळलेलं असेल.

आता सी. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्षानुवर्षं सी शिकवत आलेत, त्यामुळे तोच पाया असं डोक्यात बसलंय. सी ही डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत घडवली आणि युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात लिहिली गेली. उत्तम भाषा आहे, पण नवशिक्यांसाठी म्हणून ती कोणी बनवली नव्हती. त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा आणली ती मुद्दाम सायन्स न घेतलेल्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून! म्हणजे सोप्या भाषेतून सुरुवात हा काही आजचा शॉर्टकट नाही. आज ती जागा पायथन या भाषेची आहे असं माझं मत आहे. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि मेमरीशी पहिल्याच आठवड्यात झटापट केली नाही म्हणून कोणाचा पाया कच्चा राहत नाही, हार्डवेअरकडे वळायचं असेल तेव्हा सी खुशाल शिका.

इंग्लिशचं म्हणाल तर पायथनमध्ये राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, फक्त ३५ आहेत, इफ, एल्स, फॉर, व्हाईल असे. बाकी व्हेरिएबलची, म्हणजे आकडा किंवा मजकूर ज्यात ठेवतो त्या डब्यांची, नावं पायथन ३ मध्ये चक्क देवनागरीत देता येतात, अंतर, भाडे, काहीही. इतकंच काय, मजकुरातून पूर्ण संख्या काढणाऱ्या इंट फंक्शनला देवनागरीतले "२६" दिले तरी ते सव्वीसच समजतं, करून बघा. एरर मेसेज इंग्लिशमध्ये येतात पण सुरुवातीला तेच पाच-सहा परत परत येतात, ओळखीचे होतात. शिवाय आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतही फुकट धडे आहेत.

लॅपटॉपवर फार बोलत नाही. पायथन फुकट आहे, जुन्या ४ जीबीच्या मशीनवर चालतं, ब्राउझरमध्येही चालतं. अँड्रॉइड फोनवरही चालतं, टायपिंगचा कंटाळा येतो एवढंच. पहिल्याच दिवशी कर्ज काढून लॅपटॉप घेऊ नका.

राहिला एआय. हा मुद्दा वरच्या सगळ्यांपेक्षा वजनदार आहे कारण एआय खरंच कोड लिहून देतं आणि बऱ्याचदा बरोबर देतं. पण समजा त्याने किलोमीटर गुणिले १७.१४ एवढंच लिहून दिलं, तर एका किलोमीटरला १७.१४ उत्तर येईल आणि प्रोग्राम कुठेही अडणार नाही, एररही येणार नाही. मीटर २६ च्या खाली जात नाही हे तुम्हाला माहिती आहे, पण कोडमध्ये नक्की कुठली अट राहिली ते शोधायला कोड वाचता यायला हवा. आणि वाचता येतं ते स्वतः लिहून, चुकून, दुरुस्त करून. म्हणून पहिले दोन-तीन महिने एआयकडून उत्तर घेऊ नका, हवं तर "ही एरर म्हणजे काय" एवढंच विचारा.

सुरुवात मीटरच्या प्रोग्रामपासून करा. इनपुटने, म्हणजे वापरणाऱ्याला विचारून, घेतलेला आकडा पायथन आधी मजकूर समजतं, त्यामुळे फ्लोट हे फंक्शन लावून त्याची दशांश संख्या करून घ्या, नाहीतर दीडशी तुलना करतानाच अडाल. आणि एरर आली की वरची लांबलचक गिचमिड सोडून सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा, काय बिघडलंय ते तिथे लिहिलेलं असतं.