अर्ध्या लोकलने फेऱ्या दुप्पट होत नाहीत

मुंबईच्या लोकलविषयी एक सूचना अधूनमधून नव्याने फिरू लागते. तिचा आशय असा: सकाळची गर्दी ओसरल्यापासून संध्याकाळची सुरू होईपर्यंत बारा डब्यांच्या गाड्या रिकाम्या धावतात, त्या मधोमध तोडून सहा-सहा डब्यांच्या केल्या, तर तेवढ्याच डब्यांत आणि तेवढ्याच खर्चात दुप्पट फेऱ्या मिळतील आणि प्रवाशाचे थांबणे निम्म्यावर येईल, परदेशात हेच करतात, आपल्याकडे फक्त इच्छाशक्ती नाही. या सूचनेमागचा हेतू चांगला आहे आणि तिच्यात काही तथ्यही आहे. परंतु ज्या मार्गांसाठी ती केली जाते, त्या मार्गांवर तिचा जवळजवळ प्रत्येक आधार डळमळीत ठरतो.

पहिला आधार म्हणजे ‘रिकाम्या गाड्या’. साडेदहाच्या सुमारास कल्याणकडे किंवा विरारकडे परतणारी लोकल रिकामी दिसते, हे खरे. मात्र ती गाडी नुकतीच हजारो लोकांना दक्षिण मुंबईत उतरवून परतत असते आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा भरून येणार असते. एका दिशेचे रिकामेपण हे दुसऱ्या दिशेच्या गर्दीचेच दुसरे अंग आहे. शिवाय भर दुपारी दादरला उभे राहून पाहावे. फुलबाजारातून टोपल्या घेऊन निघालेल्या बायका, परळच्या रुग्णालयांतून परतणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, दुसऱ्या पाळीचे कामगार, महाविद्यालयातून सुटलेली मुले यांनी भरलेल्या डब्याला रिकामा म्हणायचे, तर आपले माप फक्त सकाळी आठच्या चेंगराचेंगरीवर बेतलेले आहे असे म्हणावे लागेल. बसायला जागा मिळते, एवढ्यावरून गाडी निम्मी करता येत नाही.

‘तेवढ्याच खर्चात’ हा दावा अर्धवट खरा आहे. बारा डब्यांच्या चार फेऱ्या काय आणि सहा डब्यांच्या आठ फेऱ्या काय, एकूण अठ्ठेचाळीस डबेच तेवढे अंतर धावतात, त्यामुळे विजेच्या आणि डब्यांच्या झिजेच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसांच्या हिशेबात. गाडी सहा डब्यांची असो वा पंधरा डब्यांची, तिला पुढे एक मोटरमन आणि मागे एक गार्ड (२०२२पासून त्यांचे अधिकृत पदनाम ट्रेन मॅनेजर झाले आहे) लागतोच. फेऱ्या दुप्पट म्हणजे या दोघांच्या पाळ्याही दुप्पट. मोटरमन एका महिन्यात घडत नाही. प्रशिक्षण, मार्गाची ओळख, सिग्नलांची पारख या सगळ्याला वेळ लागतो. सूचनेत या खर्चाचा उल्लेख कुठेच नसतो.

खरी अडचण मात्र याहून पुढची आहे. रेल्वेच्या भाषेत प्रत्येक गाडीला वेळापत्रकात एक ‘पाथ’ लागतो, म्हणजे रुळांवरची ठरलेली वेळ आणि जागा. दोन गाड्यांमधले सुरक्षित अंतर सिग्नल ठरवतात. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब असते. ती निम्मी केली तर एखाद्या सिग्नलखालून जायला काही सेकंद कमी लागतील, पण पाथ एक लागायचा तो एकच लागेल. टर्मिनसवरही हाच न्याय. चर्चगेटला फलाट चारच आहेत आणि सहा डब्यांची गाडीही उलट फिरेपर्यंत एक अख्खा फलाट अडवते. मुंबईची लोकल लांब होत गेली ती उगीच नव्हे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विद्युत लोकल धावली तेव्हा ती चार डब्यांची होती; त्यानंतर आठ, नऊ, बारा आणि शेवटी पंधरा डब्यांपर्यंत आपण आलो. रुळांवर जागा उरत नाही तेव्हा गाडी लांब करणे हाच मार्ग उरतो.

यावर कोणी म्हणेल की दुपारी तर पाथ मोकळे असतात. काही असतात, पण ते वाया जात नाहीत. उपनगरी रुळांवर रात्री गाड्या बंद असण्याचा काळ अवघा तीनेक तासांचा असल्यामुळे देखभालीचे बरेचसे काम दिवसाच्या मोकळ्या वेळेवर अवलंबून असते. रविवारचा मेगाब्लॉक हे त्याचेच ठळक रूप. मेल-एक्सप्रेस गाड्यांनाही याच वेळात वाट काढून द्यावी लागते. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत या दोन्ही बाजूंना उपनगरी गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या एकाच रुळांवर धावतात. टिटवाळा, आसनगाव, बदलापूर इथल्या प्रवाशाची दुपारची तक्रार अगदी रास्त आहे, पण त्याला गाडी मिळत नाही ती डबे कमी असल्यामुळे नव्हे. पुणे–लोणावळा मार्गावर दुपारी लोकलच्या वेळांत मोठी पोकळी असल्याची ओरड जुनी आहे. तिचेही कारण देखभालीचा ब्लॉक आणि दोनच रूळ हे आहे. गाडी तीन डब्यांची केली म्हणून ब्लॉकमधून धावू शकणार नाही.

आता तोडण्या-जोडण्याकडे वळू. मोटर डबा आणि त्याच्यासोबतचे ट्रेलर डबे, म्हणजे मोटर नसलेले डबे, मिळून तीन डब्यांचे एक युनिट होते आणि अशी चार युनिटे जोडून बारा डब्यांचा रेक, म्हणजे पूर्ण गाडी, होतो. म्हणजे कागदावर तो सहा-सहात विभागता येतो. परंतु चालवायला दोन्ही टोकांना केबिन लागते. रेकच्या मध्ये केबिन असलीच तरी ती बरोबर मधोमध असेल असे नाही. शिवाय हे काम चालत्या मार्गावरच्या फलाटावर होत नाही. रेक कुर्ला, कळवा किंवा सानपाड्याच्या कारशेडमध्ये न्यायचा, तोडायचा, दुपारी चारच्या आत पुन्हा जोडायचा आणि ब्रेकची चाचणी घेऊन गर्दीच्या पहिल्या फेरीला हजर करायचा. त्यात एक रेक अडकला तर फटका संध्याकाळच्या लोकांना, म्हणजे सर्वाधिक गर्दीला. महिला डबा, दिव्यांगांचा डबा, प्रथम वर्ग आणि मालडबा यांच्या जागा फलाटावर ठरलेल्या असतात. इंडिकेटरवर बाराऐवजी पंधरा दिसले की लोकांची होणारी धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रोज दुपारी तीच धावपळ दुप्पट वेळा नको असेल.

परदेशाचा दाखला नेहमी म्युनिकचा दिला जातो. तिथली एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, एक, दोन किंवा तीन गाड्या जोडून चालते, हे बरोबर. पण तिथले एक युनिट म्हणजे चार डब्यांची, सुमारे ६७ मीटर लांबीची, दोन्ही टोकांना केबिन आणि स्वयंचलित कपलिंग असलेली पूर्ण गाडीच असते. ती विकत घेतानाच या वापरासाठी घेतलेली असते. तरीही एका शाखेवर दिवसभराची मूळ वारंवारता वीस मिनिटांची आहे. गाडी लहान केल्याने तिथे खर्च वाचतो. फेऱ्या दुप्पट होत नाहीत. उलट उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे: सॅन फ्रान्सिस्को–सॅन होजे मार्गावर सप्टेंबर २०२४मध्ये पूर्ण विद्युत सेवा सुरू झाल्यावर शनिवार-रविवारची तासाला एक असणारी गाडी अर्ध्या तासाने धावू लागली, आणि तीही सात डब्यांची. डबे न कापता.

आता तथ्याचा भाग. थांबण्याचा वेळ निम्मा होणे ही फार मोलाची गोष्ट आहे, पण ती कुठे मोलाची हे पाहायला हवे. दहा मिनिटांनी येणारी लोकल पाच मिनिटांनी येऊ लागली, तर सरासरी अडीच मिनिटे वाचतात. तासाने येणारी गाडी अर्ध्या तासाने आली, तर पंधरा मिनिटे वाचतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी चुकली तर दिवस फुकट जात नाही. म्हणून छोट्या गाड्यांचा विचार ठाणे किंवा बोरिवलीसाठी न करता कडेच्या मार्गांसाठी करावा. वसई–दिवा–पनवेलला दिवसात मोजक्या मेमू (लोकलसारख्याच विजेवरच्या प्रवासी गाड्या) धावतात. तिथे मालगाड्यांमधून पाथ मिळवणे हीच पहिली लढाई आहे. कर्जत–खोपोलीचा सुमारे पंधरा किलोमीटरचा मार्ग एकेरी आहे, त्यामुळे तिथे तीन डब्यांची गाडी आणली तरी समोरची गाडी येईपर्यंत थांबावेच लागेल. उरण मार्ग मात्र वेगळा आहे. १२ जानेवारी २०२४ला तो उरणपर्यंत खुला झाला तेव्हा नेरुळ आणि बेलापूर दोन्हीकडच्या मिळून दिवसाला ४० फेऱ्या होत्या. रूळ दुहेरी, स्थानके नवी आणि दुपारची गर्दी अजून मर्यादित. सहा डब्यांचे, दोन्ही टोकांना केबिन असलेले स्वतंत्र रेक आणि त्यांच्यासाठी वाढीव मोटरमन व गार्ड मागायचे असतील, तर ते आधी या मार्गासाठी मागावेत.