पागडी, भाडं आणि ‘लाइफटाइम’ लायसन्स

आमच्या छपाई-डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एक मजकूर फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक मेव्हण्याने पाठवला, ज्याचा कॉम्प्युटरशी संबंध रेल्वेचं तिकीट काढण्यापुरता आहे. मजकूर असा:

‘व्यापारी बंधूंनो, सावध! सबस्क्रिप्शन म्हणजे लूट. लाइफटाइम लायसन्स घेतलं की सॉफ्टवेअर तुमच्या मालकीचं, सुप्रीम कोर्टाने सॉफ्टवेअर ही वस्तूच ठरवली आहे. पुढची सगळी व्हर्जन फुकट मिळणं तुमचा हक्क. कंपनी ते कधीच बंद करू शकत नाही. सबस्क्रिप्शन थांबवलं तर फाइली कंपनीच्या ताब्यात जातात. न विचारता कार्डातून पैसे कापतात. पाच वर्षांत तिप्पट पैसे भरता. आजच घ्या, लाइफटाइम ३६५ फक्त ४९९ रुपयांत!’ आणि खाली लिंक.

मी नारायण पेठेत सव्वीस वर्षं डीटीपी करतोय. सबस्क्रिप्शनचं मला अजिबात कौतुक नाही. माझ्याकडे आजही अडोबी कंपनीचं सीएस६ हे डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर आहे, डबीसकट विकत घेतलेलं, आणि ते मी सोडणार नाही. तरीही हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना सांगायचंय की यात जे खरं आहे ते चुकीच्या कारणासाठी खरं आहे, आणि जे खोटं आहे त्यापायी लोकांचे पैसे बुडतायत.

मालकीपासून सुरुवात करू. सुप्रीम कोर्टाचा दाखला हवेतला नाही. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात कोर्टाने तयार पाकिटातलं सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ मानली. पण कशासाठी? विक्रीकर लावता येतो का, हे ठरवण्यासाठी. निकाल करदात्याच्या बाजूने नव्हता, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने आपल्याच विरोधातला कागद फडकवलाय. पुढे मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनॅलिसिस नावाच्या कंपनीच्या खटल्यात त्याच कोर्टाने, पुन्हा कराच्याच प्रश्नावर, स्पष्ट केलं की अशी प्रत घेणाऱ्याला कॉपीराइटमधला कुठलाही हक्क मिळत नाही. त्याला मिळतो तो ती प्रत अटींनुसार वापरण्याचा.

पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. ‘लायसन्स’ हा शब्द आपण ‘लिव्ह अँड लायसन्स’मधूनच शिकलो. सबस्क्रिप्शन म्हणजे तो ११ महिन्यांचा करार. भाडं थांबलं की चावी परत. आणि कायमचं लायसन्स म्हणजे पागडी. एकदा भक्कम रक्कम मोजली, आता मालक तुम्हाला सहजी बाहेर काढू शकत नाही. पण वाडा तुमचा झाला नाही. मालक काढत नाही, तशी कौलंही शाकारून देत नाही. आणि शेजारच्या प्लॉटवर त्याने नवी इमारत बांधली, तर त्यात आपल्याला फ्लॅट फुकट मिळेल असं सदाशिव पेठेतला कुठला भाडेकरू समजतो?

पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत नेमकं तेच समजलं जातं. ‘पुढची सगळी व्हर्जन फुकट’ हा या मजकुरातला सगळ्यात महागडा गैरसमज. अपडेट आणि अपग्रेड या दोन शब्दांची गल्लत त्याच्या मुळाशी आहे. अपडेट म्हणजे घेतलेल्याच व्हर्जनमधली डागडुजी, ती बहुतेक कंपन्या ठरावीक काळ फुकट देतात. अपग्रेड म्हणजे नवं व्हर्जन, आणि त्याचा हक्क कायमच्या लायसन्समध्ये आपोआप येत नाही. तो वेगळा लिहून दिलेला असावा लागतो. ऑफिस २०२१ एकरकमी घेणाऱ्याला ऑफिस २०२४ मिळालं नाही. मोठ्या कंपन्या मायक्रोसॉफ्टला ‘सॉफ्टवेअर ॲश्युरन्स’ नावाच्या वेगळ्या योजनेचे पैसे भरतात ते इतर गोष्टींबरोबर याच हक्कासाठी. ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तर ‘सबस्क्रिप्शन नाही’ हीच ओळख मिरवत होतं. २०२२ मध्ये त्याचं दुसरं व्हर्जन आलं तेव्हा पहिलं घेतलेल्यांनाही ते विकतच घ्यावं लागलं. सुरुवातीची सवलत तेवढी होती, आणि त्यावर केवढा आरडाओरडा झाला!

डीटीपीवाला एक वेळ जुन्या व्हर्जनवर दिवस काढेल. हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाल्याला ते जमत नाही, कारण कायदा बदलतो. ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला आलं आणि टप्प्याटप्प्याने ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर पोचलं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कधी कुठली नोंद बदलली याची बंद न करता येणारी नोंद सक्तीची झाली. आता २०१५ चं कायमचं लायसन्स अगदी कायदेशीर असेल, सुरूही होईल, फक्त त्याला या गोष्टी ठाऊक नाहीत. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा व्यवहार म्हणूनच समजून घेण्यासारखा आहे. लायसन्स कायमचं, पण टीएसएस नावाची वार्षिक वर्गणी वेगळी, साधारण लायसन्सच्या पाचव्या हिश्श्याची. ती संपली तर तुमची टॅली बंद पडत नाही. नवी रिलीज आणि ऑनलाइन सेवा थांबतात. म्हणजे पाच वर्षं टीएसएस भरला तर एक आख्खं लायसन्स पुन्हा घेतल्यासारखं झालं. यात फसवणूक काही नाही, सगळं उघड आहे. पण भोसरीतले निम्मे वर्कशॉपवाले अजून म्हणतात, ‘टॅली तर लाइफटाइम आहे, दर वर्षी पैसे कसले मागता?’

‘कंपनी ते कधीच बंद करू शकत नाही.’ माझ्या ऑफिसात या, कोपऱ्यातलं एक मशीन दाखवतो. पांढऱ्याचा पिवळा पडलेला मॉनिटर, विंडोज एक्सपी, इंटरनेटची वायर मुद्दाम काढलेली. त्यावर पेजमेकर ७ हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि मराठी फॉन्टचं एक जुनं पॅकेज, ज्याचं लॉक, म्हणजे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही असा छोटा ठोकळा, मागे प्रिंटरच्या पोर्टला लागतं. जुन्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांच्या फाइली त्यात आहेत. ते लॉक एका पावसाळ्यात गेलं. विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, या व्हर्जनचं लॉक आता बनत नाही, नवं घ्या. माझं लायसन्स तेव्हाही कायमचंच होतं, कागद होता, पावती होती. चावीच नव्हती. शेवटी शुक्रवार पेठेतल्या एका सहकाऱ्याने प्रेस बंद करताना आपलं लॉक कागदपत्रांसकट मला दिलं, म्हणून काम चाललं. आता तेही गेलं तर नव्या मशीनला ते पोर्टच नसतं.

लॉकच्या जागी पुढे ऑनलाइन ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरने इंटरनेटवरून द्यायची मंजुरी, आलं, तरी गोष्ट तीच राहिली. २०१३ मध्ये अडोबीने सीएस२ चा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला. तेव्हा निदान घेतलेल्यांना ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत तरी दिली. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २०२१ मध्ये २०१० आणि त्याआधीच्या व्हर्जनना नवीन ॲक्टिव्हेशन कोड देणं थांबवलं. चालू मशीनवरचं चालत राहतं, पण हार्डडिस्क बदलली, मशीन नवं घेतलं, की अडलात. वापरायचा हक्क शाबूत असतो, पण सॉफ्टवेअर उघडणारा दरवाजा दुसऱ्याच्या हातात असतो.

शिवाय खालची जमीन सरकते ती वेगळीच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. ऑफिस २०१६ ला दहा वर्षं मिळाली होती, २०१९ ला सात, २०२१ आणि २०२४ ला पाचच. त्या तारखेनंतर वर्ड उघडणार नाही असं नाही. उघडतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, एवढंच. माझ्या एक्सपीची वायर काढलेली आहे ती त्याचसाठी.

आता या मजकुराने जे म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही ते मी म्हणतो. सबस्क्रिप्शनविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार पैशांची नाहीच. तुम्हाला जागच्या जागी थांबायचा हक्क राहत नाही, ही आहे. २०१९ च्या मे महिन्यात अडोबीने क्रिएटिव्ह क्लाउड या आपल्या सबस्क्रिप्शनच्या ग्राहकांना कळवलं की जुनी व्हर्जन वापरायचा परवाना आता नाही, अलीकडची दोनच मोठी व्हर्जन मिळतील. नियमित पैसे भरणाऱ्यांना हे कळवलं! जानेवारी २०२३ मध्ये त्या कार्यक्रमांतून टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार गेला. ज्याने नव्वदच्या दशकात ते फॉन्ट पैसे मोजून घेतले होते त्याने काय करायचं? माझ्या सीएस६ मध्ये ते अजून चालतात. सीएस६ मधलं पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन, ते पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतं, त्यानंतरचं इनडिझाइन उघडत नाही. पागडीचा खरा फायदा तो आहे. मालकाला कितीही नूतनीकरणाची हौस येवो, आपली खोली आहे तशी राहते.

फाइली ताब्यात जातात, हे मात्र खोटं. फाइल तुमच्या डिस्कवर असेल तर ती तिथेच राहते. मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे ऑफिसचं सबस्क्रिप्शन, संपलं की वर्ड-एक्सेल उघडून बघता येतं, छापता येतं, बदल करता येत नाहीत. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात फुकटच्या ५ जीबीपेक्षा जास्त ठेवलं असेल तर मात्र मुदतीत उतरवून घ्या. इनडिझाइनचं तसं नाही, फाइल तुमच्याकडे आणि उघडायला काही नाही, अशी गत होते. म्हणून करार संपायच्या आधी प्रत्येक कामाची आयडीएमएल, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडता येणारी प्रत, आणि पीडीएफ काढून ठेवायची. आयडीएमएल स्क्रायबस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि ॲफिनिटीही वाचतात.

कार्डाचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आपोआप कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. सूचना वाचायची असते. सापळा दुसरीकडे आहे. ‘महिन्याला इतके’ असं दिसणारी योजना बऱ्याचदा वर्षाच्या कराराची असते आणि मधेच सोडली तर दंड लागतो. हा दंड नीट सांगितला नाही, या आरोपावरून अमेरिकी सरकारने तिथल्या व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून जून २०२४ मध्ये अडोबीविरुद्ध दावा लावला.

‘पाच वर्षांत तिप्पट’ हा हिशोब करून पाहू. समजा लायसन्स ६०,००० चं आणि तेच सबस्क्रिप्शनवर वर्षाला २०,०००. पाच वर्षांत सबस्क्रिप्शनचे होतात एक लाख, तिप्पट नव्हे. तिप्पट व्हायला नऊ वर्षं लागतात, तीही एकच व्हर्जन नऊ वर्षं रेटलं तर. दर तीन वर्षांनी अर्ध्या किमतीत अपग्रेड घेतलं तर सहा वर्षांत ९०,००० विरुद्ध १,२०,०००. फरक आहे, पण गहजब करण्याइतका नाही. अर्थात दर तेच राहतील हे धरून. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने कोपायलट हा एआय मदतनीस जोडून अमेरिकेतली एका माणसासाठीची ‘पर्सनल’ योजना महिन्याला ६.९९ डॉलरवरून ९.९९ वर नेली, तेव्हा भाडेकरूला विचारतं कोण! माझ्यासारख्या एकच व्हर्जन दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याला एकरकमी लायसन्स स्वस्तच पडलं, हे कबूल. पण दिवाळी अंकांच्या हंगामात आमच्याकडे जादा ऑपरेटर येतो, श्रावण ते दसरा. त्याच्या मशीनसाठी मी मासिक योजना घेतो आणि नंतर बंद करतो. तीन महिन्यांसाठी पागडी कोण देतं? हिशोबात आणखी एक गोष्ट सीएला विचारून घ्या. एकरकमी लायसन्स भांडवली धरलं जातं आणि त्यावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. सबस्क्रिप्शन सहसा त्याच वर्षीच्या खर्चात जातं.

मधला रस्ताही आहे. प्रोग्रामरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये फक्त सबस्क्रिप्शन करायचं ठरवलं, प्रोग्रामर मंडळी खवळली, तेव्हा कंपनीने नियम बदलला. सलग बारा महिने पैसे भरले की त्या काळाच्या सुरुवातीचं व्हर्जन कायमचं तुमचं. हिंजवडीतल्या कुणाही प्रोग्रामरला विचारा, तो सांगेल. ग्राहकांनी योग्य मागणी केली तर मिळतं, ते असं.

राहिली ती ४९९ ची लिंक, आणि सगळा मजकूर तिच्यासाठीच लिहिलाय असा माझा पक्का संशय आहे. ‘लाइफटाइम ३६५’ ही चीज अस्तित्वातच नाही. ३६५ हे सबस्क्रिप्शनचंच नाव आहे. त्या पैशांत सहसा मिळतं ते कुठल्या तरी संस्थेच्या खात्यात घुसवलेलं एक युजरनेम. त्या संस्थेचा ॲडमिन तुमचं नाव कधीही पुसू शकतो, आणि तुम्ही तिथे ठेवलेल्या फाइली जातात त्या अशा. म्हणजे मजकुरात जी भीती घातली आहे, ती खरी होते याच लिंकवर. ऑफिसची ‘लाइफटाइम की’ म्हणून विकतात ती बऱ्याचदा कंपन्यांना घाऊक दिलेल्या लायसन्सची असते. एक दिवस मर्यादा संपते आणि लाल पट्टी येते. आमच्या ग्रुपमधल्या तिघांचे पैसे गेलेत. एकाने दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा ‘प्रीमियम लाइफटाइम’. वर, नकली आहे हे ठाऊक असून वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये किमान सात दिवसांची कैद आणि ५०,००० चा दंड लिहिलेला आहे.

परवा एका नव्या सॉफ्टवेअरसाठी विक्रेता आला होता. तो ‘लाइफटाइम, सर, लाइफटाइम’ म्हणत राहिला. मी विचारलं, ज्या दिवशी मी तुम्हाला पैसे देणं थांबवीन, त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल? कुठलं व्हर्जन, किती मशीनवर, नव्या मशीनवर टाकता येईल का, आणि तुमचं दुकान बंद झालं तर ॲक्टिव्हेट कोण करून देणार? लेखी द्या म्हटलं. तो ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.

तोवर रोज दुपारी जेवण झालं की एक तास एक्सपीसमोर बसतो. पेजमेकरमधून फाइल काढायची, सीएस६ मध्ये उघडायची, जुना फॉन्ट युनिकोडमध्ये वळवायचा, मग आयडीएमएल आणि पीडीएफ. जोडाक्षरं मोडतात, रफार उडतात, हाताने लावतो. २००४ पर्यंतचे अंक झालेत.