सरकारी कचेरीला कचऱ्याचा नियम नाही, हे साफ खोटे आहे

"कचरा वेगळा करण्याचा नियम फक्त जनतेला, सरकारी कार्यालयांना नाही, दप्तरातले जुने कागद गोपनीय असल्यामुळे जाळावेच लागतात, प्लॅस्टिकचे पुन्हा काहीच होत नाही, आणि वेगळा केलेला कचरा शेवटी घंटागाडीत एकच होतो." हा मजकूर सध्या जळगाव-धुळ्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तालुक्याच्या एका कार्यालयात नुकताच लिपिक म्हणून लागलेल्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, आमच्याकडेही मागच्या आवारात कागद जाळतात, म्हणजे ते बरोबरच ना?" अभिलेख कक्षात उभी नोकरी काढलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसणे शक्य नाही.

नियम नाही म्हणणाऱ्याने नियम उघडूनही पाहिलेला नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत मोठ्या कचरा उत्पादकांची व्याख्या सुरू झाली तीच केंद्र व राज्य सरकारच्या खात्यांच्या इमारतींपासून. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा ही तिची मर्यादा होती आणि तालुक्याचे कार्यालय तिथवर पोहोचणार नाही, हे खरे. पण ओला, सुका आणि घातक असा कचरा वेगळा करण्याचे बंधन त्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर घातले, त्यात कचेरी आणि घर असा भेद केलेला नाही.

सर्वांत घातक विधान कागद जाळण्याचे आहे. शासकीय दप्तराचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम जपायचा, ब तीस वर्षे, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. मुदत संपल्याची खात्री करून, यादी करून आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन मगच कागद नष्ट करता येतो, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा त्यासाठीच आहे. वर्गवारी न करता गठ्ठेच्या गठ्ठे पेटवले, तर त्यात कुणाचे फेरफाराचे कागद गेले आणि कुणाचे सेवापुस्तक गेले, हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही. त्या माणसाने मग कुठे जायचे? खरोखर गोपनीय असलेले कागद थोडे असतात. ते यंत्रात बारीक कापले की वाचता येत नाहीत आणि त्यांचा लगदाही होतो. बाकीची रद्दी टाचण्या आणि फिती काढून विकली, तर रक्कम शासनाच्या खात्यात जमा होते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली असून साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे.

प्लॅस्टिकचे काही होत नाही, हे निदान जळगावात तरी कुणी बोलू नये. इथल्या औद्योगिक वसाहतीतला चटईचा धंदा जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यावरच उभा राहिला.

घंटागाडीबद्दलची तक्रार मात्र मला नाकारता येत नाही. वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत टाकलेला मीही पाहिला आहे. पण ती चूक वाहतुकीची आहे, आणि कार्यालयाची रद्दी मुळात घंटागाडीत जायचीच नसते.

भाच्याला मी एवढेच कळवले आहे, की पुढचा गठ्ठा मागच्या आवारात नेण्याआधी त्याची यादी आणि मंजुरी कुठे आहे, हे साहेबांना लेखी विचार, आणि त्या टिपणीची एक प्रत स्वतःजवळ ठेव.