लिंबाचं पुडिंग आणि गरम पाण्याचा ट्रे
लेखात लिंबाच्या पुडिंगचं भांडं थेट ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलंय, ते काही पटलं नाही. या पुडिंगची सगळी मजा म्हणजे वर हलका केक आणि तळाशी आंबटगोड, पातळसर कस्टर्ड. मिश्रण एकच असतं; भाजताना अंड्याच्या फेटलेल्या पांढऱ्याचा फेस वर चढतो, जड दुधाळ भाग खाली राहतो. भांडं नुसतंच ठेवलं तर तळ जास्त तापतो आणि तो कस्टर्डचा रस आटून अंड्याच्या गुठळ्या होतात. मोठ्या ट्रेमध्ये गरम पाणी ओता, भांडं निम्मं बुडू द्या. १७० अंशांवर साधारण ३५-४० मिनिटं. वर सोनेरी रंग आला, हलवल्यावर आत किंचित थरथर दिसली की काढा. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरची तापणारी कॉइल जवळ असते, तेव्हा खालचाच कप्पा बरा.

आणि लिंबं! दादरच्या मंडईत आपल्याला मिळतात ती कागदी. साल इतकी पातळ की किसणी जरा दाबली तरी पांढरा भाग येतो आणि सगळं कडवट. रसही जास्त आंबट, ३ अंड्यांना पाव कप पुरे. रस दुधात पडल्यावर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, पण ओतून देऊ नका हं, भाजताना नीट होतं.

गरम असतानाच वाढा. फ्रीजमध्ये ठेवलं की केक खालचा रस पिऊन टाकतो. आमच्या सासूबाईंना मात्र तेच शिळं जास्त आवडतं, आता काय बोलणार!