झाडं लावायला शंभर हात येतात, जगवायला माळी लागतो

जून संपत आला की वृक्षारोपणाची निमंत्रणं यायला लागतात. मी उद्यानविद्येची पदवी घेतली आणि सगळी नोकरी सार्वजनिक बागांत केली. आता निवृत्तीनंतर रविवारी सकाळी आमच्या भागातल्या बागेत स्वयंसेवकांबरोबर काम करते. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून स्पष्टच लिहिते. स्वयंसेवक हवेतच, पण शिकलेल्या, पगारी माळ्याची जागा त्यांनी भरून काढावी ही अपेक्षा चुकीची आहे. सध्या मात्र सगळीकडे तेच गृहीत धरलं जातंय.

साधी फांदी तोडण्याचं उदाहरण घ्या. मोठी फांदी वरून एका दमात कापली तर ती वजनाने खाली येताना खोडाची साल फाडत नेते. त्या जखमेतून बुरशी शिरते आणि काही वर्षांनी खोड आतून पोकळ होतं. मग एका पावसाळ्यात ते झाड गाडीवर कोसळतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो. जाणकार माळी आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालून थोडा काप घेतो. मग जरा पुढे वरून कापून फांदी उतरवतो. उरलेला खुंट शेवटी काढतो, तोही फांदीच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो त्याला धक्का न लावता, कारण जखम तिथूनच भरून येते. हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. त्यासाठी कृषी विद्यापीठांत माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. तिथे शिकलेल्या मुलांना आपण कायमची नोकरी देतो का, हा माझा प्रश्न आहे.

देखभाल ठेक्यावर गेली की दर निविदेला माणसं बदलतात. कोणत्या वाफ्यात पाणी तुंबतं, कोणत्या झाडाला वाळवी लागली होती, कोणत्या बकुळीची मुळं पाइपलाइनपर्यंत गेलीत, हे कुठल्याच फायलीत नसतं. ते माणसासोबत निघून जातं.

कायदा तसा कडक आहे. शहरांतल्या झाडांसाठी 1975 पासून राज्याचा वेगळा कायदा आहे, झाड तोडायची परवानगी देणारं वृक्ष प्राधिकरण त्यातूनच आलं. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि एखादं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावून ती सात वर्षं सांभाळायची असं ठरलं. फार चांगली तरतूद आहे. पण एप्रिल-मेच्या उन्हात त्या रोपांना पाणी कोण घालणार? पाच जूनला फोटो काढलेल्यांपैकी कितीजण तेव्हा फिरकतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

यात स्वयंसेवकांना कमी लेखायचं नाही. मुंबईच्या राणीच्या बागेचं बघा. 1862 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही मुळात वनस्पती उद्यान म्हणून उभारलेली बाग. तिथे गोरखचिंच आहे, उर्वशीसारखी दुर्मिळ झाडं आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा आला तेव्हा काही मुंबईकर बायकांनी वनस्पतितज्ज्ञांना सोबत घेऊन झाडांची नोंद केली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करून बागेचं वनस्पती उद्यान म्हणून असलेलं महत्त्व सगळ्यांपुढे मांडलं. नोंद ठेवणं, लक्ष ठेवणं आणि गरज पडली तर भांडणं हे नागरिकांचं बळ आहे. नोकरीतल्या माणसाला ते तोंड उघडून करता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आमच्या रविवारच्या गटात एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, कॉलेजची मुलं आहेत, एक आजी फक्त पालापाचोळा गोळा करायला येतात. तो जाळायचा नाही, आळ्यात पसरायचा, हे आता त्याच सगळ्यांना बजावतात. झाडांच्या बुंध्याला अगदी चिकटवलेले पेव्हर ब्लॉक काढायला लागलो तेव्हा खालची माती विटेसारखी घट्ट झालेली निघाली. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. ब्लॉक काढायची परवानगी मिळवायला आम्हाला पावसाळा उलटून गेला. पण बागेचे माळीकाका सोबत नसते तर पहार कुठे मारायची आणि कुठे नुसतं खुरपं वापरायचं हे आम्हाला कळलं नसतं. ते ठेक्यावर आहेत, आणि ठेका मार्चमध्ये संपतोय.

तुमच्या नगरसेवकाला, वॉर्ड ऑफिसला एवढंच विचारा: आमच्या बागेत प्रशिक्षित माळी किती, आणि त्यातले कायम किती? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये शहराच्या नावासकट लिहा. मी यादी करतेय.