खुलासा: स्टालिनची पत्नी अपेंडिसायटिसने गेली नाही

‘स्टालिनची पत्नी नादेज्दा अपेंडिसायटिसने वारली’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, पण हवेतून आलेला नाही. मुलांना आणि लोकांना तेव्हा आजारपणाचंच कारण सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात ८ नोव्हेंबर १९३२ च्या रात्री, क्रांतीच्या १५ व्या वर्धापनदिनाच्या मेजवानीत नवऱ्याशी खटका उडाल्यावर ती उठून गेली आणि पहाटेपर्यंत तिनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय अवघं ३१. स्टालिननंच तिला मारलं, ही दुसरी वदंता; तिलाही ठोस पुरावा नाही.

ती नुसती ‘घरची बाई’ नव्हती, हे मात्र कुणी सांगत नाही. लेनिनच्या कार्यालयात तिनं काम केलं. पुढे दोन मुलांची आई असताना ती मॉस्कोच्या औद्योगिक अकादमीत शिकायला गेली, तेही माहेरच्या अलिलुयेवा या आडनावानं.

मुलगी स्वेतलाना तेव्हा सहा वर्षांची. आईच्या मृत्यूचं खरं कारण तिला जवळजवळ दहा वर्षांनी कळलं, तेही एका इंग्रजी मासिकातून! हीच स्वेतलाना १९६७ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासात आश्रयाला गेली.